पाकिटातले कृमी जिवंत आहेत का?



सूत्रकृमी हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला तो शत्रू म्हणून. वांग्याच्या, टोमॅटोच्या, डाळिंबाच्या मुळांवर गाठी येतात, झाड खुरटते, आणि त्या गाठी करणारा डोळ्यांना न दिसणारा धाग्यासारखा जीव म्हणजे सूत्रकृमी. तो मारायला औषध घ्या, असे आम्हाला वर्षानुवर्षे सांगण्यात आले. आता तेच लोक त्याच दुकानात, त्याच खुर्चीवर बसून सांगतात की सूत्रकृमी विकत घ्या आणि शेतात सोडा. ऐकणाऱ्याला वाटावे, डोके साहेबांचे फिरले की आपले?

डोके कोणाचेच फिरलेले नाही. गाय चार पायांची असते आणि लांडगाही चार पायांचा असतो. सूत्रकृमींच्या हजारो जाती आहेत. काही पिकाच्या मुळात शिरतात. काही जनावरांच्या आतड्यात राहतात, त्यांना आपण जंत म्हणतो. बऱ्याचशा जाती कोणाच्या अध्यात ना मध्यात, मातीतल्या सूक्ष्म जीवांवर गुजराण करतात. आणि काही थोड्या जाती अशा आहेत की त्या किड्याच्या अंगात शिरून त्याला दोन दिवसांत ठार करतात. बोलायचे आहे ते या शेवटच्या टोळीबद्दल. आमचे मत आधीच सांगून टाकतो : ही गोष्ट खरी आहे, भोंदूगिरी नाही. पण कोरडवाहू शेतकऱ्याला ती आज ज्या तऱ्हेने विकली जाते, ती तऱ्हा खोटी आहे.

सुरुवात हुमणीपासून करू. कोणी हिला उन्नी म्हणते, कोणी उकरी. माळावरची हुमणी आपली, नदीकाठची हुमणी उसवाल्यांची. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी दिवेलागणीला मातीतून तपकिरी भुंगेरे निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर बसतात, रात्रभर पाला खातात आणि पहाटेच्या आत परत मातीत जातात. मादी मातीत अंडी घालते. जुलैत त्यातून बारीक अळ्या निघतात, ऑगस्ट-सप्टेंबरात त्या बोटाएवढ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकड्या, पांढऱ्याधोट होतात आणि ज्वारीचे, भुईमुगाचे, सोयाबीनचे, कपाशीचे मूळ कुरतडतात. वर्षात पिढी एकच, पण ती एक पुरे होते. ज्वारीचे ताट वरून हिरवे दिसते, दोन दिवसांत माना टाकते, ओढले की गवताच्या काडीसारखे हातात येते. खाली मूळच नसते.

हुमणीवर पूर्वी आपण बीएचसीची भुकटी टाकत होतो. ती १९९७ साली बंद झाली. मग फोरेटचे दाणे आले. ज्याने ते हाताने पेरले त्याला त्याचा वास अजून आठवत असेल. त्यावरही २०२० च्या अखेरीला पूर्ण बंदी आली. विष बंद झाले याचे आम्हाला दुःख नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जी माणसे गेली, त्यांच्या घरांत जाऊन आलेला कोणी विषाची बाजू घेणार नाही. पण एक औषध काढून घेतले आणि त्या जागी दुसरे दिले, तर ते दुसरे चालते की नाही हे विचारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे की नाही?

हे कृमी काम कसे करतात ते आधी समजून घेतले पाहिजे. ते समजले की दुकानदाराला काय विचारायचे ते आपोआप सुचते.

कृमी अर्धा ते एक मिलिमीटर लांब. नुसत्या डोळ्याला दिसत नाही म्हटले तरी चालेल. मातीच्या कणांभोवती पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो त्यात तो पोहतो. पापुद्रा नसेल तर त्याला हलता येत नाही. या अवस्थेत तो काही खात नाही, अंगातल्या चरबीवर जगतो आणि किडा शोधतो. सापडला की तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वास घेण्याच्या छिद्रांतून आत शिरतो. एका कुळाच्या कृमीला तर छोटा दात असतो, त्याने तो नाजूक कातडी फाडूनही आत जातो. पण खरे मारेकरी हे कृमी नव्हेत. प्रत्येक कृमी आपल्या आतड्यात जिवाणू बाळगून असतो, आणि आत पोहोचल्यावर तो ते किड्याच्या रक्तात सोडतो. जिवाणू वाढतात, किडा चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत मरतो, जिवाणू त्याच्या मांसाचा पाक करतात आणि कृमी तो पाक खाऊन त्याच कातड्याच्या पिशवीत दोन-तीन पिढ्या काढतात. दहा-पंधरा दिवसांनी पिशवी रिकामी होते आणि लाखभर नवे कृमी मातीत उतरतात. कृमी म्हणजे गाडीवान आणि जिवाणू म्हणजे गाडीतला माल, असे समजा. मालाशिवाय गाडी पोहोचली तर उपयोग नाही आणि गाडीशिवाय माल पोहोचत नाही.

या दोन कुळांची शास्त्रीय नावे स्टायनरनेमा आणि हेटेरोऱ्हॅबडायटिस. दुसरे नाव उच्चारताना आमची जीभ दोनदा अडखळली, पण पाकिटावर ते छापलेले असते म्हणून सांगितले. या दुसऱ्या कुळाने मारलेली अळी विटकरी लाल होते, सडत नाही, दुर्गंधी येत नाही. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावेपर्यंत बसले तर ती मंद चमकतेसुद्धा. काजव्यासारखी नाही, अगदी फिकट. हा लाल रंग लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता थोडा इतिहास. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात १९१६ साली जपानमधून आलेला एक भुंगेरा पहिल्यांदा सापडला. आपल्या हुमणीचाच भाऊबंद. त्याच्या अळ्यांनी कुरणे आणि शेते पोखरली. १९२९ च्या सुमारास रुडॉल्फ ग्लेझर या शास्त्रज्ञाला त्याच राज्यात काही अळ्या कृमींनी मरताना दिसल्या. त्याने ते कृमी प्रयोगशाळेत वाढवले आणि १९३० नंतरच्या दशकात ठिकठिकाणी शेतांत सोडले. कुठे यश आले, कुठे नाही. त्याला जिवाणूंची गोष्ट ठाऊक नव्हती. भांड्यात बुरशी आणि घाण वाढू नये म्हणून तो जी औषधे घालत होता त्यांनी बहुधा ते उपयोगी जिवाणूच मरत होते. म्हणजे गाड्या जात होत्या आणि माल घरीच राहत होता. मग दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले. स्वस्त, झटपट, डोळ्यांदेखत किडे पडत. कृमींचे काम अडगळीत गेले आणि पुढची काही दशके फारच थोड्यांनी त्याची आठवण काढली.

आपल्या देशात १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतून डीडी-१३६ या नावाचा वाण आणून भातावर, उसावर, सफरचंदावर त्याच्या चाचण्या झाल्या. थंड मुलखातला कृमी आपल्या उन्हाळ्याला टिकला नाही. परदेशातून आणलेली गोष्ट आपल्या मातीत रुजत नाही असा टाहो फोडणाऱ्यांनी यावरून लगेच टाळ्या पिटू नयेत, कारण पुढची गोष्ट अशी की आपल्याच मातीत असले कृमी होते आणि ते शोधायला आपल्याला पंचवीसएक वर्षे लागली. १९९२ साली कोइमतूरच्या बाजूला सापडलेल्या कृमीला हेटेरोऱ्हॅबडायटिस इंडिका हे नाव मिळाले. २००० साली दिल्लीच्या मातीतला, उष्णता सोसणारा एक स्टायनरनेमा जाहीर झाला. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोने इंडिकाची भुकटी तयार करण्याची पद्धत बसवली आणि ती खाजगी कंपन्यांना दिली. आज दुकानात जी पाकिटे दिसतात त्यांतली बरीचशी या घराण्यातली. शोध उत्तम. शास्त्रज्ञांना आमचा रामराम.

पण शोध प्रयोगशाळेत लागतो आणि पीक आमच्या रानात जाते.

आमची गोष्ट सांगतो. आम्ही चौघांनी मिळून बियाण्याच्या पैशांतून काढून अशी पाकिटे घेतली. मे महिन्याचा शेवट. दुकान पत्र्याचे, पाकिटे पुढच्या फळीवर मांडलेली, दुपारचे ऊन थेट त्यांच्यावर. दुकानदाराने सांगितले, शेणखतात मिसळा आणि फेका. आम्ही भर दुपारी, तापलेल्या रानात, पावसाआधी फेकले. सप्टेंबरात ज्वारीचे ठिगळ आडवे झाले. घरातल्या बाई ताटे उपटायला गेल्या, पदरात पाच-सहा अळ्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या किड्यांना यांनी खाल्लेलं दिसतंय." एकही अळी लाल नव्हती. सगळ्या पांढऱ्या आणि गुटगुटीत.

चूक आमची की दुकानदाराची? दोघांचीही. ऊन आणि कोरडेपणा या कृमीचे काळ आहेत. पस्तीस अंशांच्या वर मातीचे तापमान गेले की त्याचा दम संपतो, आणि मे महिन्यातल्या उघड्या काळ्या रानात ते किती चढते हे अनवाणी चालणाऱ्याला विचारावे. त्यात मे महिन्यात शेतात अळीच नसते. भुंगेरा मातीत दबा धरून बसलेला असतो. म्हणजे आम्ही पाहुणे नसलेल्या घरी जेवण वाढले, तेही शिळे.

मग कोरडवाहूत हे चालणारच नाही का? असे म्हणणारेही आहेत. सिंचन असेल तरच हा खेळ, ऊसवाल्यांचा आणि हळदवाल्यांचा, असे एका बैठकीत ठामपणे सांगण्यात आले. आमचे मत वेगळे आहे. जुलैचा मध्य ते ऑगस्ट, पाऊस लागून राहिलेला असतो, आभाळ भरलेले असते, रान ओले असते. नेमक्या याच दिवसांत हुमणीची अळी लहान असते. आणि लहानपणीच तिला मारणे सोपे. मोठी हुमणी मोठी चिवट असते. तिच्या श्वासाच्या छिद्रांवर चाळणीसारखी जाळी असते, कृमीला तिथून शिरता येत नाही. सारखी विष्ठा टाकून ती मागचा दरवाजाही धुऊन काढते. सप्टेंबरात पीक आडवे झाल्यावर पाकीट आणायला धावणारा माणूस म्हणूनच फसतो. कोरडवाहूला वर्षातून तीन-चार आठवड्यांची खिडकी मिळते, पण ती बरोबर वेळेला मिळते. माल मात्र त्या वेळेला मिळत नाही. योजनेचा माल मार्चअखेर निधी संपवायला येतो, आणि जिवंत कृमीचे पोते गोदामात उन्हाळा काढते. खताचे पोते गोदामात राहिले तर फार तर खडे होतात. हा जीव आहे, मरतो.

आता हिशेब. शास्त्रज्ञांचे नेहमीचे प्रमाण म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला पंचवीस कृमी. एकराला ते होतात सुमारे १०० कोटी. आकडा ऐकून घाबरू नका, एवढे कृमी थोड्या भुकटीत मावतात. पण पाकिटावर किलो छापलेले असेल आणि जिवंत कृमींची संख्या छापलेली नसेल, तर आपण काय विकत घेतले? खडूची भुकटी की कृमी? दूध फॅट लावून घेता, कापूस ओलावा बघून घेतला जातो, व्यापारी आपल्या बोंडातली अळी नखाने उकरून भाव पाडतो. आपण विकत घेताना मात्र डोळे मिटून घ्यायचे?

घरच्या घरी तयार करा असे सांगणारेही आता गावोगाव फिरू लागले आहेत. मधमाशीच्या पोळ्यात मेण खाणारी एक अळी असते, तिच्यावर हे कृमी छान वाढतात. एका अळीतून लाखभर, कधी त्याहून जास्त कृमी निघतात. ऐकायला गोड. पण एकराला १०० कोटी म्हणजे दहा हजार अळ्या झाल्या. दहा हजार अळ्या पाळणे हा घरच्या बाईच्या फावल्या वेळेचा उद्योग नव्हे, आणि फावला वेळ तिला कधी असतो हेही सांगणाऱ्याने सांगावे. मात्र हाच हिशेब गुंठ्याला केला तर अडीचशे अळ्या होतात. हुमणी एकरभर सारखी लागत नाही, ठिगळे-ठिगळे लागते. निंबाच्या, बाभळीच्या बाजूचा पट्टा बहुधा आधी जातो. यंदा कुठे ठिगळ पडले तिथे खुंट्या ठोकून ठेवल्या तर पुढच्या जुलैत त्या चार-दोन गुंठ्यांपुरते काम गावातल्या गावात होऊ शकते. त्यासाठी पंपही लागत नाही. कृमींनी मेलेली लाल अळी तशीच ओल्या मातीत बोटभर खोल पुरली तर तिच्यातून कृमी आपोआप बाहेर पडतात, आणि तोवर कातड्याच्या आत ओल राहते. कोरडवाहूला हा मार्ग पाकिटापेक्षा जवळचा वाटतो. एकराच्या वर जायचे असेल तर कारखानाच हवा. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन बेडिंग यांनी स्पंजाच्या तुकड्यांवर कृमी वाढवण्याची पद्धत बसवली, त्याला फार मोठे भांडवल लागत नाही. तालुक्याला असे एक केंद्र निघाले आणि माल आठवड्याच्या आत रानात पोहोचला तर शीतगृहाची भानगडच राहत नाही.

कपाशीवाल्यांनी एक प्रश्न नेहमी विचारला आहे : बोंडअळीचे काय? खरे उत्तर देतो. गुलाबी बोंडअळीचा कोष मातीतही होतो. म्हणून अमेरिकेत टेक्साससारख्या कापसाच्या मुलखात तिच्यावर कृमींचे प्रयोग झाले. पण तिथे सरीतून पाणी सोडून. आपल्याकडे ही अळी जोर धरते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तेव्हा कोरडवाहू रानाला भेगा पडलेल्या असतात. अळी बोंडाच्या आत बसली की कृमी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. कोणी तुम्हाला गुलाबी बोंडअळीसाठी हे पाकीट विकत असेल तर त्याला हात जोडा. पऱ्हाटी वेळेवर काढून टाकण्याचे काम कोणताही कृमी तुमच्यासाठी करणार नाही.

ज्वारीच्या पोंग्याची गोष्ट निराळी. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी देशात आली, मक्यावर आणि ज्वारीवरही बसली. पोंग्यात ओल असते, सावली असते आणि अळी तिथेच दडलेली असते. आफ्रिकेतल्या रवांडा या चिमुकल्या देशाने आपल्याच मातीतले कृमी शोधले आणि ते चिकट द्रावणात मिसळून मक्याच्या पोंग्यात सोडण्याचे प्रयोग केले. त्यांची शेतेही आपल्यासारखीच तुकड्या-तुकड्यांची. आपल्या जिल्ह्याच्या मातीत कोणता कृमी आहे, हे मात्र आपल्याला अजून कोणी सांगितलेले नाही. चाळीस-पंचेचाळीस अंश सोसून वर्षानुवर्षे जगलेला कृमी मराठवाड्या-विदर्भाच्या माळावर सापडण्याची शक्यता जास्त, की बंगळूरच्या थंड हवेत? विद्यापीठाच्या पदव्या दरवर्षी वाटल्या जातात. त्यांतल्या दोन-चार मुलांनी कुदळ घेऊन आपल्या बांधावर यावे, चहा आम्ही पाजू.

जाता जाता एक. पावसाळ्यात कधी घाटेअळीच्या अंगातून लांबच लांब पांढरा दोरा निघताना दिसतो. पुष्कळजण तो पायाखाली चिरडतात. तोही एक सूत्रकृमीच, वेगळ्या घराण्यातला. अळीला आतून खाऊन, बाहेर पडताना तिला मारून तो मातीत जातो. तो पाकिटात मिळत नाही, फुकट काम करतो. चिरडू नका.

तर जिल्हा बैठकीपुढे आमचे म्हणणे असे. पाकिटावर जिवंत कृमींची संख्या, तयार केल्याची तारीख आणि कोणत्या तापमानात ठेवायचे ते मराठीत छापल्याशिवाय कोणी घेऊ नये. योजनेचा माल जुलैत द्या, नाहीतर देऊ नका. आणि भुंगेरे गोळा करण्याचे काम पाकिटाच्या भरवशावर सोडू नये. पहिल्या वळवानंतर आठ-दहा रात्री निंब-बाभळी हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, हे पूर्ण गावाने एकदम केले तरच फळते. एकट्याने केले तर शेजाऱ्याच्या निंबावरचा भुंगेरा आपल्याच रानात अंडी घालतो. भुंगेऱ्याला सातबारा वाचता येत नाही.

पाकीट जिवंत की मेलेले, हे ओळखणे अवघड नाही. चिमूटभर भुकटी कोमट पाण्यात टाकून भिंगाखाली बघा. जिवंत कृमी नागासारखे वळवळतात, मेलेले टाचणीसारखे सरळ पडलेले असतात. भिंग नसेल तर येत्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एका रुंद तोंडाच्या डब्यात ओली माती आणि दहा लहान हुमण्या आणाव्यात. झाकणाला खिळ्याने भोके पाडा, नाहीतर वाटेतच गुदमरतील. ज्यांनी पाकिटे घेतली आहेत त्यांनी ती सोबत आणावीत, फोडलेली असली तरी चालतील. निम्म्या डब्यांत पाकीट मिसळू, निम्मे तसेच ठेवू, डबे सावलीत राहतील. सहा-सात दिवसांनी त्याच ठिकाणी पुन्हा जमून झाकणे उघडायची. ज्या डब्यातल्या अळ्या लाल झाल्या, त्या पाकिटाचे नाव फळ्यावर लिहू. ज्या डब्यातल्या पांढऱ्याच राहिल्या, त्याचेही लिहू.